बैल चढावर लंगडतो

विदर्भातला उन्हाळा माणसांची परीक्षा घेतो तशी यंत्रांचीही घेतो. पळस फुलून गेला, मार्च सरला की यवतमाळात घरातली एकेक वस्तू कुरकुरू लागते. फ्रीजचा आवाज बदलतो, विहिरीवरची मोटर तापून बंद पडते, स्कूटर भर दुपारी सुरू व्हायला नकार देते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की या दुखण्यांना ऊत येतो. ही दुखणी आपल्या ओळखीची आहेत आणि त्यांवरचे उपायही. पण गेल्या काही वर्षांत या रांगेत एक नवा रोगी येऊन उभा राहिला आहे. तो म्हणजे घरातला खेळाचा संगणक.

यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, कुठल्याही गावात चार घरे फिरा; एखाद्या घरात ही काळी पेटी दिसेलच. एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे, तीन-चार पंखे. मुलांनी सुटे भाग गोळा करून, कुठला कुणाला चालतो याचा महिनोन् महिने अभ्यास करून ती जुळवलेली असते. तिच्यावर मोटारींच्या शर्यती चालतात, लढाया होतात, फुटबॉलचे सामने रंगतात. आणि एक दिवस ऐन सामन्यात चित्र थिजते, आवाज एकाच सुरावर अडकतो, कळफलकावर कितीही बोटे आपटली तरी काही हलत नाही. मग घरातले वातावरण संगणकापेक्षा जास्त तापते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात हेच झाले. नातू अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. त्याचा संगणक दोन वर्षांचा. निम्मे पैसे त्याने साठवलेले, निम्मे माझ्या पेन्शनमधले. ग्राफिक्स कार्ड मात्र जुने, एका मित्राकडून घेतलेले. याच संगणकावर आमच्या सूनबाई सकाळी चार-पाच दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करतात. सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत त्यांचे काम बिनबोभाट चालायचे. दुपारी नातू खेळायला बसला की वीस-पंचवीस मिनिटांत सारे ठप्प.

निकाल द्यायला घरात न्यायाधीशांची कमतरता नव्हती. चिरंजीव म्हणाले, "हिशेब करताना बंद पडत नाही, खेळतानाच पडतो. म्हणजे दोष खेळाचा. विकून टाका ती पेटी." शेजारच्या काकांचे मत पडले की खेळातून व्हायरस आला. दुकानदाराने पेटी न उघडताच ग्राफिक्स कार्ड गेल्याचे सांगितले आणि नव्या कार्डाचा २८ हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. नातू एकच वाक्य बोलत राहिला, "मी काहीच केलं नाही." तिसऱ्या दिवशी तो तेही बोलेनासा झाला. सतरा वर्षांच्या मुलाने जेवणाच्या ताटावर गप्प बसणे ही काही चांगली खूण नव्हे. २८ हजारांचा प्रश्न होताच. पण मुलगा खरे बोलतो की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा होऊन बसला होता.

चिरंजीवांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, म्हणून आधी तोच तपासू. सपाट रस्त्यावर रिकामी बंडी ओढताना बैलाचा दुखरा पाय कळत नाही. तीच बंडी कापसाने भरली, पुढे घाटाचा चढ आला, की बैल लंगडतो. म्हणून कुणी चढाला दोष देत नाही. संगणकाचे असेच आहे. हिशेबाचे काम करताना अशी पेटी पन्नास-साठ वॅटवर भागवते, म्हणजे साध्या छताच्या पंख्याइतक्याच विजेवर. मोठा खेळ सुरू झाला की तीच पेटी तीनशे-चारशे वॅट खाते. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, स्मृतीच्या पट्ट्या आणि त्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस अशा सगळ्यांवर एकाच वेळी ताण येतो. जो भाग कच्चा असेल, तो तिथे उघडा पडतो. खेळ हा रोग नसून रोग दाखवणारा चढ आहे, एवढे घराने मान्य केले तरी अर्धे भांडण मिटते.

उरलेले अर्धे मिटवायला पुरावा लागतो. इथे मला माझी जुनी नोकरी उपयोगी पडली. मी १९८३ साली बँकेत लागलो. तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. जाडजूड खतावण्या होत्या. ठरावीक काळाने त्यांचा ताळा घ्यायचा आणि तो एका झटक्यात जुळला तर पेढे वाटावेत अशी स्थिती. बहुधा फरक यायचाच. नवखा कारकून फरक दिसला की घाबरून आकडे खोडू लागे. जुने हेडकॅशियर त्याचा हात धरत. आधी फरकाचा चेहरा पाहा, म्हणत. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असते. ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९० येतो. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची. कारण १,२५० रुपये नावेऐवजी जमेला पडले की फरक २,५०० दिसतो. चूक कुठे आहे हे फरक स्वतःच सांगत असतो. फक्त तो ऐकेपर्यंत पेन खाली ठेवायचे असते.

मी नातवाला एक शंभरपानी वही दिली. तिच्यात सहा रकाने आखले. तारीख आणि वेळ, खोलीतले तापमान, कोणता खेळ, किती मिनिटांनी, नेमके काय झाले, आणि त्या वेळी घरात दुसरे काय सुरू होते. अट एकच, आठ दिवस काहीही दुरुस्त करायचे नाही. नुसते लिहायचे. त्याला ते पटले नाही, पण दुसरा वकील नसल्यामुळे त्याने मला मान्य केले. त्याआधी सूनबाईंचे सगळे हिशेब मात्र वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. आजारी यंत्राला हात लावण्यापूर्वीचे हे पहिले काम. ते झाल्याशिवाय पुढचे कुठलेच करू नये.

वहीचे हे महत्त्व माझ्या पिढीचा हट्ट म्हणून कुणी झटकू नये. संगणकातल्या दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. यंत्रातल्या खोडीसाठी हा शब्द एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रातही वापरला होता. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या संगणकात ग्रेस हॉपर यांच्या सहकाऱ्यांना खरोखरचा पतंग सापडला, एका रिलेत अडकून मेलेला. त्यांनी तो काढला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून शेजारी वेळ लिहून ठेवली. ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपलेले आहे. ही गोष्ट लोक पतंगासाठी सांगतात. मला तिच्यातली वही आवडते. एवढ्या मोठ्या यंत्राजवळ बसलेली माणसेही वेळोवेळी काय झाले ते हाताने लिहीत होती.

"काय झाले" हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "संगणक बंद पडला" हे वाक्य "पोटात दुखते" इतकेच मोघम आहे. डॉक्टर विचारतात, कुठे दुखते, जेवणाआधी की नंतर. तसे इथे चार प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार, फक्त खेळ बंद होतो आणि बाकी संगणक नीट चालतो. अशा वेळी संशय आधी त्या खेळावर, त्याच्या खराब झालेल्या फायलींवर किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर घ्यावा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. दुसरा प्रकार, निळा पडदा येतो आणि त्यावर इंग्रजीत काही अक्षरे दिसतात. लोक ती न वाचताच बटण दाबतात. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. स्मृती, ड्रायव्हर की डिस्क, याचा धागा त्यात असतो. तिसरा प्रकार, चित्र थिजते आणि आवाज अडकतो. यात उष्णता, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांकडे आधी पाहावे. चौथा प्रकार, काही न सांगता दिवा गेल्यासारखी पेटी बंद होते किंवा आपोआप नव्याने सुरू होते. तिथे बोट विजेकडे जाते. एसएमपीएस, सॉकेट, घरातली वायरिंग. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकाराची कारणे कधी कधी डोकावतात. पण शोध कुठून सुरू करायचा, हे यावरून ठरते.

विंडोज स्वतःही एक वही ठेवते. इव्हेंट व्ह्युअर आणि रिलायबिलिटी मॉनिटर या नावांनी ती सापडते. तिच्यात 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद पाहून मुले घाबरतात आणि एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण तिच्यात नसते. पंचनाम्यात "मयत इसम मृतावस्थेत आढळला" असे लिहिलेले असते, त्यातलाच हा प्रकार.

आठ दिवसांत आमच्या वहीत अकरा नोंदी झाल्या. रविवारी दुपारी नातवाने ती माझ्यासमोर ठेवली. तोपर्यंत त्याला स्वतःलाच काहीतरी दिसू लागले होते. अकरांपैकी आठ नोंदी दुपारी दोन ते पाच या वेळेतल्या आणि आठही वेळा चित्र थिजलेले. खोली ३८ अंशांच्या वर. सकाळी सहाला उठून तो दोनदा खेळला होता, तेव्हा तासभर काही झाले नाही. उरलेल्या तीन नोंदी संध्याकाळच्या आणि त्यांचा प्रकार निराळा. पेटी झटक्यात बंद होऊन पुन्हा सुरू झालेली. खतावणीत एक फरक शोधताना दोन निघतात, तसे हे होते. दोन आजार एकाच नावाखाली फिरत होते.

दुपारचा आजार आधी घेतला. संगणकातला पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतली हवा गरम भागांवरून फिरवतो. खोली पंधरा अंशांनी तापली की आतले भागही जवळपास तेवढेच जास्त तापतात. आजच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथवर पोचले की ते स्वतःच वेग कमी करतात आणि त्याही पुढे गेले तर जीव वाचवायला बंद पडतात. पुण्यातल्या पंचवीस अंशांच्या खोलीत जी पेटी आरामात चालते, ती आमच्या पत्र्याजवळच्या चाळीस अंशांच्या खोलीत कडेलोटावर बसलेली असते.

तपासायला बिनपैशाची एक युक्ती आहे. पेटीची एक बाजू उघडून ठेवा आणि समोर टेबल पंखा लावा. आम्ही तसे केले. वीस मिनिटांत थिजणारा खेळ सव्वा तास चालला. उष्णतेवरचा संशय पक्का झाला. मग वायर काढून, पेटी अंगणात नेऊन उघडली. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. त्या दिसतच नव्हत्या. त्यांवर करड्या-पांढऱ्या लवेचा नमदा बसला होता. आमचे घर जिनिंगपासून फार दूर नाही. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की खिडकीच्या जाळीवरसुद्धा अशीच लव साचते. ती आम्ही दर आठवड्याला झाडतो. पेटीच्या आत कोण झाडणार?

मऊ ब्रश आणि हवेचा छोटा ब्लोअर एवढ्यावर काम झाले. पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवा मारावी, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. ओले फडके लावू नये. एसएमपीएसची डबी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठून राहते. प्रोसेसरवर पंख्याखाली पांढरे-करडे मलम लावलेले असते, ते काही वर्षांत सुकते; आम्ही ते पुसून नवे लावले. आणि एक खास वऱ्हाडी मुद्दा. आपल्याकडे वाळ्याच्या किंवा गवताच्या टट्ट्यांचा कूलर घरोघरी असतो. कूलरसमोर संगणक ठेवला की तो थंड राहील असे वाटते. पण ती हवा ओली असते आणि पाणी क्षारांचे. ओलावा आणि धूळ मिळून पट्ट्यांवर चिखलाचा थर बसतो. खोली कूलरने थंड करावी, पण त्याचा झोत थेट पेटीवर घेऊ नये.

यानंतर तीन दिवस आम्ही दुसरे काहीच केले नाही. एका वेळी एकच बदल, हा या कामातला सर्वांत कठीण नियम आहे. कारण त्यात धीर लागतो. धूळ काढली, ड्रायव्हर बदलला, रॅम हलवली, विंडोज नव्याने टाकले, असे सगळे एका दुपारी उरकले आणि संगणक चालू लागला, तर कशाने चालला ते कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन दिवसांत दुपारची एकही नोंद झाली नाही. संध्याकाळच्या मात्र दोन झाल्या.

हे कोडे आमच्या सौ.नी सोडवले. शेवटच्या रकान्यात, त्या वेळी घरात काय सुरू होते तिथे, नातू रोज त्यांनाच विचारून लिहीत असे. वही चाळताना त्या म्हणाल्या, "अरे, मी नळाचं पाणी वर चढवायला मोटर लावते ना, तेव्हाच तुझं हे बंद पडतं." पाचही नोंदी मोटरीच्या वेळेशी जुळल्या. ओळखीच्या वायरमनला बोलावले. त्याने मीटर लावून पाहिले. भिंतीच्या सॉकेटवर २१५ व्होल्ट, आणि संगणक ज्या एक्स्टेंशन बोर्डावर होता तिथे खेळ सुरू असताना १९०. मोटर लागली की काटा आणखी खाली. बोर्ड कधीतरी गणपतीच्या रोषणाईसाठी आणलेला, त्याच्या आतली पितळी पट्टी काळी पडलेली. तो म्हणाला, "काका, कम्प्युटरला काही झालं नाही. हा बोर्ड पाहा कसा जळून राहिला. एखाद्या दिवशी आगच लागली असती ना!"

आपल्या घरात वीज २३० व्होल्टची असावी अशी अपेक्षा असते. व्होल्टेज उतरले की एसएमपीएस तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढतो. सैल जोड त्यामुळे आणखी तापतो, व्होल्टेज आणखी उतरते. वीज क्षणभर तुटली तर एसएमपीएस साधारण सेकंदाच्या साठाव्या भागापुरताच दम धरतो. त्याहून मोठा झटका आला की संगणक बंद. मोटरीचा पहिला झटका तेवढे काम सहज करतो. संगणकाला भिंतीतून वेगळी, जाड वायर ओढून १६ अँपिअरचे सॉकेट दिले, बोर्ड भंगारात गेला. वायरमनने जाता जाता अर्थिंगही पाहिले. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. तो मुद्दा संगणकाचा कमी आणि जिवाचा जास्त आहे.

सगळा खर्च आला अकराशे रुपये. २८ हजारांचे कार्ड दुकानातच राहिले आणि जुने कार्ड आजही चालू आहे.

प्रत्येक घरात धूळ आणि वीजच सापडेल असे नाही. ती दोन्ही निर्दोष ठरली तर पुढची पायरी रॅमची. पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलके घासावेत आणि नीट बसवाव्यात. कित्येक दुखणी इथेच संपतात. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवता येतो. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी संशयित. रॅम जास्त वेगाने पळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय असते, ती तात्पुरती बंद करून पाहावी. बिघाड एखाद्या नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाला असेल तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जावे. डिस्कची तब्येत सांगणारे छोटे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आणि भाग बदलायचाच झाला, तर दुकानदाराकडे त्याच जातीचा दुसरा भाग दोन दिवस लावून पाहायचा आग्रह धरावा. चांगले दुकानदार नाही म्हणत नाहीत.

आणि कधी कधी दोष खरोखरच बनवणाऱ्याचा असतो. इंटेल कंपनीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही ताकदवान प्रोसेसरवर खेळ मध्येच कोसळू लागले होते. पडद्यावर सूचना यायची ती ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी असल्याची. जगभरच्या मुलांनी खेळ बनवणाऱ्यांना बोल लावले, कार्डे बदलली, विंडोज पुन्हा पुन्हा टाकले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे हळूहळू झिजत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, हमी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते त्यांना त्या दुरुस्तीचा उपयोग नव्हता. त्याच जुलैच्या १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर आणून ठेवले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. म्हणजे "मी काहीच केलं नाही" हे वाक्य नेहमीच बहाणा नसते. कधी कधी ते शंभर टक्के खरे असते आणि ते म्हणणाऱ्याकडे फक्त पुरावा नसतो.

आता पालकांशी दोन शब्द. मुलाने किती वेळ खेळावे, परीक्षेच्या दिवसांत खेळावे की नाही, हा घराच्या शिस्तीचा प्रश्न आहे आणि तो ठरवण्याचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे. पण संगणक बंद पडला त्या दिवशी तो प्रश्न काढू नये. बँकेत एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली की दोन्ही खाती बिघडतात. यंत्राच्या बिघाडाची रक्कम मुलाच्या चारित्र्याच्या खात्यात नावे टाकली की तेच होते. यंत्र दुरुस्त होत नाही आणि मुलगा पुढच्या वेळी खरे सांगायला येत नाही. आमच्या चिरंजीवांनी नंतर खेळाची वेळ ठरवून दिली, दीड तास. नातवाने ती कुरकुर न करता मानली, कारण आता ती शिक्षा नव्हती.

वहीत अजून साठ-सत्तर पाने कोरी होती. दिवाळीनंतर माझे धाकटे बंधू दारव्ह्याकडच्या शेतावरून आले होते. विहिरीवरची मोटर वर्षात दोनदा जळाली, गुंडाळणीला दोन्ही वेळा पैसे गेले, आता नवीच घ्यावी म्हणतो, असे ते सांगत होते. नातू शेजारी बसून ऐकत होता. "आबा, मोटर कोणत्या वेळी जळाली? त्या वेळी व्होल्टेज किती होतं?" त्याने विचारले. बंधूंना ते माहीत नव्हते, कुणाला असते? नातवाने उठून वही आणली, मागचे कोरे पान काढले आणि पट्टीने रकाने आखू लागला. तारीख, वेळ, व्होल्टेज, मोटर किती तास चालली, विहिरीत पाणी किती होते. "पंधरा दिवस नुसतं लिहा," तो म्हणाला, "मोटर तोवर घेऊ नका."

बंधूंनी ते पान घडी घालून खिशात ठेवले.